एका वेळी एकच त्रुटी

माझी बायको वारल्यानंतर चार महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं, की तिची उपस्थिती समाधानकारक नाही.

पत्र तिच्या लग्नाआधीच्या नावाने होतं, कारण जुन्या दाखल्यांवर तेच नाव होतं. लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिने सोळापैकी सोळा पेपर सोडवले होते, सगळ्यांत पास झाली होती, प्रबंधही दिला होता. पण 'पदवीसाठी आवश्यक पूर्तता' या पुस्तिकेतलं कलम एकवीस राहिलं होतं, आणि त्यासाठी तीनदा बोलावूनही ती हजर राहिली नव्हती. नव्वद दिवसांत पूर्तता न झाल्यास नोंदणी रद्द होईल, मात्र इच्छा असल्यास तिला पहिल्या वर्षापासून पुन्हा प्रवेश घेता येईल, असं शेवटी लिहिलं होतं. ही सवलत होती.

मी पत्र दोनदा वाचलं. एकतीस वर्षं मी एका कार्यालयात छाननीच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे निर्दोष पत्र मला लांबून ओळखू येतं. जावक क्रमांक होता, दिनांक होता, संदर्भ होता, सही होती. फक्त ज्या व्यक्तीला ते लिहिलं होतं, ती नव्हती. हा काही पत्राचा दोष म्हणता येत नाही.

ही कपडे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि गळ्यात कायम माप घ्यायची टेप. मुलगी नोकरीला लागल्यावर तिने बाहेरून बी.ए. केलं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस म्हणाली, "आता लोकप्रशासन घेते."

"ते कशाला? एवढा रुक्ष विषय."

"अहो, प्रात्यक्षिकाची सोय घरातच आहे."

मी खूश झालो. मला वाटलं, ही माझं कौतुक करतेय.

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. छाननीच्या टेबलावर लोकांचे अर्ज येतात. अर्जात कमी काय आहे ते पाहून तो परत करायचा, एवढंच काम. नवीन होतो तेव्हा मी सगळ्या त्रुटी एकदम लिहून द्यायचो. माणूस घरी जायचा, सगळं जोडून आणायचा आणि अर्ज पुढे जायचा. पुढच्या टेबलावर ढीग साचायचा, मग पुढचे साहेब चिडायचे. तेव्हा मी विचार करून एक पद्धत बसवली. एका वेळी एकच त्रुटी सांगायची. ती दुरुस्त झाली की दुसरी. त्यामुळे अर्जदार गोंधळत नाही, पुढच्या टेबलावर भार येत नाही, आणि निम्मे लोक तिसऱ्या खेपेनंतर येतच नाहीत, म्हणजे त्यांची ती गरज खरी नव्हती हेही आपोआप सिद्ध होतं. आमचे निकाली अर्ज वाढले. मला एकदा शाल मिळाली. इतर कार्यालयांतल्या लोकांसमोर माझं दोन तासांचं व्याख्यानही झालं. लोक मला पाठीमागे 'एकेकसाहेब' म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

घरी मी ही पद्धत हिला समजावून सांगितली होती. ती दोरा ओवत होती. म्हणाली, "मी आज छातीचं माप घेतलं आणि बाई, बाहीसाठी उद्या या म्हटलं, तर ती शेजारच्या शिंप्याकडे जाईल."

"आमच्याकडे शेजारचा शिंपी नसतो," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

तर पत्र घेऊन मी विद्यापीठात गेलो. मला माझ्यासाठी काही नको होतं. तिची पदवी हवी होती. तिने त्यासाठी मशीनवर वही टेकवून अभ्यास केलेला मी पाहिला होता. निदान पाहिला असावा.

पदव्युत्तर विभागाच्या मॅडम शांत स्वभावाच्या होत्या.

"उमेदवार कुठे आहेत?"

"वारल्या."

"म्हणजे येऊ शकणार नाहीत?"

"नाही."

"तसं लेखी द्या."

मी तसं लेखी दिलं. त्यांनी पुस्तिका उघडली. अनुपस्थितीची चार कारणं ग्राह्य होती : आजारपण, बाळंतपण, पूर आणि निवडणुकीचं काम. मृत्यू नव्हता.

"'इतर'मध्ये घातलं असतं," मॅडम म्हणाल्या, "पण 'इतर'ला उमेदवाराची समक्ष सही लागते. त्या आजारी होत्या का?"

"सोळा दिवस."

"मग सोपं आहे. आजारपण लिहा. बऱ्या झाल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा."

"बरी झाली नाही ना ती."

मॅडमनी थोडा विचार केला. त्यांना खरंच मदत करायची होती. "मग 'आजारपण अद्याप सुरू आहे' असं लिहून द्या."

मी लिहून दिलं. बायको आजारी असून उपचार सुरू आहेत, असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. खोटं कशाला सांगू, लिहिताना क्षणभर बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी मृत्यूचा दाखला मागितला. तो आजारपणाच्या कागदाशेजारीच फायलीला लागला. दोन्ही कागद एकमेकांना लागून होते आणि कोणाचीच काही अडचण नव्हती. तिसऱ्या खेपेला आमच्या नात्याचा पुरावा. चौथ्या खेपेला माझा फोटो. पाचव्या खेपेला तोच फोटो, पण कान दिसतील असा. चाळीस दिवस संपले होते. शेवटी मी म्हटलं, "मॅडम, काय काय कमी आहे ते सगळं एकदम सांगता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, तसं करत नाहीत. ह्याचं शास्त्र आहे. आमच्या तिसऱ्या पेपरात आहे, आठ मार्कांना येतं."

त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. 'टप्पानिहाय त्रुटी-निवेदन पद्धती : स्वरूप व फायदे.' खाली लिहिलं होतं की ही पद्धत एका कार्यालयातील एका अनुभवी कर्मचाऱ्याने विकसित केली असून तिच्यामुळे नागरिकांच्या सहनशक्तीत लक्षणीय वाढ झाली आहे.

माझी छाती फुगली. लगेचच ती खालीही बसली, कारण त्यांनी मला पुढच्या मंगळवारी बोलावलं. तो अनुभवी कर्मचारी मीच, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचाही पुरावा मागितला असता.

घरी मुलगी आली होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती विद्यापीठाला शिव्या घालेल.

"बाबा, आम्हीही एका वेळी एकच दात काढतो," ती म्हणाली. "पण किती किडलेत ते पहिल्याच दिवशी सांगतो."

"तुला आईच्या प्रबंधाचा विषय माहीत आहे का गं?"

"टाइप मीच केलाय."

"मग सांग की."

"नाही. तुम्ही वाचा. तुमची सवय आहे ना, कागद आल्याशिवाय काही मानत नाही तुम्ही."

एकावन्नाव्या दिवशी मॅडम कलम एकवीसवर आल्या. ज्या टेबलाचा अभ्यास केला, त्या टेबलधारकाची लेखी संमती प्रबंधाला जोडावी लागते. ती जोडलेली नव्हती. "त्यांनी मागितली होती म्हणे," मॅडम म्हणाल्या, "पण त्या कार्यालयाने पाच वेळा अर्ज परत केला. अशी कार्यालयं असतात काका, काय करणार?"

त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान माझ्याकडे वळवलं. 'एका वेळी एकच त्रुटी : एका टेबलाचा अभ्यास.' खाली कार्यालयाचं नाव होतं. टेबल क्रमांक चार. ते माझं टेबल.

मी म्हटलं, "संमती मी आत्ता देतो. तो मीच."

"तुम्ही निवृत्त आहात ना? मग तुम्ही टेबलधारक नाही. माजी टेबलधारक असाल, तर तुम्ही प्रबंध पूर्ण वाचून साध्या भाषेत निवेदन द्यायचं. पण त्याआधी त्या काळात त्या टेबलावर तुम्हीच होता, असा कार्यालयाचा दाखला लागेल."

या एकाच वेळी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्यांच्याकडून झालेली ती एकमेव चूक.

मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. खिडकीला मोठी काच आहे, पण वर्षानुवर्षं मी तिच्यावर सूचना चिकटवत गेलो होतो. 'गर्दी करू नये.' 'चौकशी करू नये.' 'सूचना वाचल्याशिवाय पुढे येऊ नये.' आता काच अशी नव्हतीच, खाली फक्त एक फट होती. आतून मला कधी ते जाणवलं नव्हतं. आत उजेड भरपूर असतो.

माझ्या मागे एक बाई होत्या. त्यांच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं.

फटीच्या पलीकडे माझा शिष्य होता. मीच त्याला तयार केला, आणि निवृत्त होताना माझी खुर्ची त्याला दिली. मी वाकून म्हटलं, "अरे, मी आलोय."

"साहेब! आवाजावरून ओळखलं. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. मी गेल्या वर्षी या टेबलावर होतो, असा दाखला पाहिजे."

"अर्ज आणलाय?"

मी फटीतून अर्ज सरकवला. तो लगेच परत आला. "साहेब, समास सोडलेला नाही."

"तू मला ओळखतोस ना?"

"ओळखतो म्हणूनच जपावं लागतं. उद्या कोणी म्हणेल, ओळखीवर काम केलं."

"आणखी काय कमी आहे ते तरी सांग."

 तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्हीच असं म्हणताय? एवढं शिकवून?" त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेला समास सोडलेला अर्ज घेऊन गेलो. त्या बाई पुन्हा माझ्या मागे होत्या. म्हणाल्या, "काका, चष्मा विसरलेय मी. त्या कोपऱ्यातल्या कागदावर काय लिहिलंय हो?" तेवढ्यात माझा नंबर लागला. शिष्याने सांगितलं, अर्जावरची सही रेघेच्या वर गेली आहे.

तिसऱ्या खेपेला मात्र अर्ज आत गेला. आता पुरावा म्हणून त्या काळातलं माझं हस्ताक्षर हवं होतं. शिष्याने परत केलेल्या अर्जांची नोंदवही काढली आणि फटीतून बाहेर सरकवली. "साहेब, तुमचं अक्षर तुम्हीच दाखवा."

मी वही उघडली. पानंच्या पानं माझं अक्षर. आणि त्यात तिचं नाव. लग्नाआधीचं. एकदा नाही, पाच वेळा. 'विषय : टेबलाच्या अभ्यासास संमती मिळणेबाबत.' पुढच्या रकान्यात मी लिहिलेले शेरे. शाई निळी आहे. समास नाही. सही रेघेच्या वर. आडनाव आधी लिहावे. शेवटचा शेरा ती आजारी पडायच्या तीन आठवडे आधीचा : अर्जाचा नमुना बदलला आहे, नवीन नमुन्यात सादर करावे.

ते नाव मी त्याआधी आयुष्यात एकदाच, लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर वाचलं होतं. पाच अर्जांवर आलं तेव्हा ते योग्य रकान्यात आहे का, एवढंच पाहिलं. मी अर्ज वाचत नसे, छाननी करत असे. दोन्हींत फरक आहे.

एक तारीख मला आठवली, कारण त्या दिवशी कार्यालयातला पंखा माझ्या टेबलापासून दोन हातांवर पडला होता. घरी आल्यावर ते मी हिला रंगवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि खिडकीवर कोण कोण आलं होतं आज?"

"कोण येणार? नेहमीचीच माणसं," मी म्हटलं होतं.

दाखला मिळाला. निघताना त्या पाकीटवाल्या बाई वाटेत होत्या, त्यांना जरा सरकायला सांगून मी बाहेर आलो. सत्तर दिवस झाले होते.

मग मी प्रबंध वाचला. घरी, तिच्या कापायच्या टेबलावर ठेवून. एकशे बारा पानं आहेत. भाषा सरळ आहे. कुठे राग नाही, त्यामुळे वाचायला फार वेळ लागला.

तिने चाळीस अर्जदारांचा अभ्यास केला होता. कोण किती वेळा आला, कोणाला काय सांगितलं, कोण यायचं थांबलं. खिडकीचंही माप घेतलं होतं, टेपनेच घेतलं असणार. काचेवर एकूण सव्वीस सूचना. फट एक वीत रुंद, चार बोटं उंच. 'टेबलधारकास अर्जदाराचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही.' एका ठिकाणी असंही आहे : 'टेबलधारक स्वभावाने दुष्ट नाही. घरी मांजर आले तर दूध ठेवतो. मांजराला अर्ज करावा लागत नाही.' इथे मुलीने टाइप करताना समासात पेन्सिलीने हसण्याचं चिन्ह काढलं आहे.

अर्जदार क्रमांक चाळीस : 'स्त्री, वय चौपन्न, व्यवसाय शिवणकाम. पाच खेपा. उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे, तो टेबलधारकाने पाच वेळा पाहिला असावा. चौथ्या खेपेला तिने, सर्व त्रुटी एकदम सांगता येतील का, असे तोंडी विचारले. टेबलधारक म्हणाला, एका वेळी एकच.'

म्हणजे आवाजही ओळखला नाही. त्यात नवल नाही. घरी तरी मी तो कुठे ऐकत होतो?

मी मनात म्हणत होतो, हिने घरी का नाही सांगितलं? जेवताना कागद पुढे केला असता, तर मी तिथल्या तिथे सही दिली असती. त्याचं उत्तर शंभराव्या पानावर निघालं. 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली चारच ओळी आहेत. त्या उतरवून देतो.

'टेबलधारकाने एकदा जरी मान वाकवून खिडकीबाहेर पाहिले असते, तर अर्जदार क्रमांक चाळीस ओळखली गेली असती, आणि हा अभ्यास तेथेच बंद करावा लागला असता. संशोधिकेची त्यास तयारी होती. प्रत्येक खेपेस ती थोडा वेळ थांबत असे. तशी वेळ आली नाही. अभ्यास पूर्ण झाला.'

ते पान मी किती वेळ उघडं ठेवलं, त्याची नोंद नाही.

शेवटी शिफारशी. मला वाटलं, इथे तरी ती माझी सालटी काढेल. पण शिफारस एकच आहे : 'काचेवरच्या सूचना काढाव्यात.' आणि त्याखाली : 'उर्वरित शिफारशी, ही अमलात आल्यानंतर, एका वेळी एक याप्रमाणे कळवण्यात येतील.'

पद्धत माझीच होती, तक्रार कोणाकडे करणार? उरलेल्या शिफारशी तिने कुठेतरी लिहून ठेवल्या असतील म्हणून मी घर पालथं घातलं. कापडांचे तुकडे, मापांच्या वह्या, बटणांचे डबे, सगळं पाहिलं. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आधी पहिली तर करा."

तेव्हा मी हे निवेदन लिहायला घेतलं. कलम एकवीसप्रमाणे ते साध्या भाषेत आहे, दुसरी भाषा मला येतही नाही. माझी संमती आहे. अभ्यास खरा आहे. टेबल क्रमांक चारवर मीच होतो.

आता एकच गोष्ट राहिली आहे. निवेदन दोन त्रयस्थ वाचकांनी पूर्ण वाचून सह्या कराव्या लागतात. मुलगी चालत नाही, ती नात्यातली. पहिली सही शिष्याने केली. त्याने दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी काचेवरची एक सूचना काढली. एकच. बाकीच्या टप्प्याटप्प्याने, म्हणाला. काढलेल्या जागेतून त्याचं कपाळ दिसतं.

दुसरे वाचक तुम्ही. आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस आहे. तुम्ही सही केलीत तर उद्या मी हे विद्यापीठात देईन, आणि अनुपस्थिती लक्षात घेऊनही तिला पदवी मिळेल.

मात्र वाचकाने मजकूर नुसता छाननी करून पुढे ढकललेला नाही, खरंच वाचला आहे, याची खात्री करून घेण्याचा निवेदनकर्त्याला हक्क आहे, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून विचारतो. माझ्या मागे रांगेत एक बाई उभ्या होत्या. त्या या मजकुरात तीन वेळा आल्या. त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती. काय विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं, ते मागचं पान न उलटता इथे लिहा, आणि खाली सही करा.

आठवत नसेल तर सही करू नका. निवेदन तुमच्याकडे परत येईल. घाबरण्यासारखं काही नाही. त्रुटी एकच आहे.